ओबर्लिनचे रूळ

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. ती अर्पणपत्रिका मी किती वेळा वाचली असेन, पण ती माणसं कधी डोळ्यांपुढे उभी राहिली नाहीत. ओहायोतल्या ओबर्लिन गावात ती मला भेटली, आणि त्यांतली कितीतरी कॉलेजची पोरं होती!

क्लीव्हलंडहून तासाभरात गाव येतं. मधोमध टॅपन चौकाचं हिरवं मैदान, भोवती कॉलेज. टॅल्कॉट हॉलसमोर मी थबकलेच. जमिनीतून रेल्वेचे रूळ उगवून आभाळाकडे निघाले होते. १९७७ साली एका विद्यार्थ्याने घडवलेलं हे शिल्प. दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना घरोघरी लपवत कॅनडाकडे पोचवणाऱ्या गुप्त वाटेला लोक भुयारी रेल्वे म्हणत, तिची ही खूण.

कॉलेज निघालं १८३३ साली. पुढच्याच वर्षी सिनसिनाटीच्या लेन सेमिनरीत विद्यार्थ्यांनी गुलामगिरीवर अठरा रात्री चर्चा केली. नदीपलीकडे केंटकी, तिथे गुलामगिरी कायदेशीर. विश्वस्त घाबरले, त्यांनी असल्या चर्चेवरच बंदी घातली. पोरांनी लेन सोडलं. ओबर्लिनने बोलावलं तेव्हा त्यांच्या अटी होत्या: काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश मिळावा, बोलण्याची मोकळीक असावी. १८३५ साली विश्वस्तांची मतं समसमान पडली आणि अध्यक्ष जॉन कीप यांच्या एका मताने दार उघडलं. शिकायला आलेल्या पोरांनी कॉलेजला अटी घालायच्या, त्यातली एक दुसऱ्यांच्या प्रवेशासाठी! माझं मन पुन्हा पुन्हा तिथेच जात होतं.

राहणी कडक होती. अभ्यासाच्या जोडीला अंगमेहनत, चहा-कॉफी वर्ज्य. जेवणही इतकं मिळमिळीत की १८४१ साली त्याविरुद्ध सभा भरली.

१८५८च्या सप्टेंबरात जॉन प्राइस नावाच्या पळून आलेल्या गुलामाला पकडून वेलिंग्टनच्या हॉटेलात कोंडलं. खबर लागताच ओबर्लिनचे विद्यार्थी आणि गावकरी, काळे-गोरे मिळून, नऊ मैल धावले आणि त्याला सोडवून घेऊन आले. पुढे कॉलेजचे अध्यक्ष झालेल्या जेम्स फेअरचाइल्ड यांच्या घरात तो लपला, मग कॅनडाला गेला. ३७ जणांवर आरोप ठेवले गेले. क्लीव्हलंडच्या तुरुंगातूनही त्यांनी वर्तमानपत्र छापून काढलं.

मुलींचं काय, हे मी पहिल्यापासून शोधत होते. १८३७ साली चौघींनी पदवीच्या वर्गात नाव घातलं, १८४१ साली त्यांतल्या तिघी पदवीधर झाल्या. त्या काळात ही केवढी गोष्ट! पण मुलांचे कपडे धुवायचं, शिवायचं काम मुलींकडेच होतं, आणि स्त्री-पुरुषांच्या सभेत मुलीने बोलू नये असा दंडक होता. ज्या कॉलेजात बोलण्यासाठी एवढं रण माजलं, तिथे हा दंडक! मला ते फार लागलं.

ल्यूसी स्टोन नावाच्या विद्यार्थिनीला तर ते सहनच झालं नाही. मॅसॅच्युसेट्सहून ती १८४३ साली इथे आली, पंचविशीची. तासाला तीन सेंट घेऊन घरकाम करायची, पळून आलेल्या काळ्या प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवायची. वादविवादाचा सराव हवा म्हणून ती आणि अँटोनेट ब्राउन मैत्रिणींना घेऊन रानात जमत. १८४७ साली पदवीदानासाठी निबंध लिहायला वर्गाने तिला निवडलं, पण तो वाचणार होता पुरुष. तिने निबंध लिहिलाच नाही.

कॉलेजला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १८८३ साली, ओबर्लिनने तिला बोलावून घेतलं. या वेळी ती स्वतःच्या तोंडाने बोलली. संध्याकाळी मी रुळांपाशी परत आले, तर एक मुलगी तिथे हिरवळीवर बसून, मोठ्याने, आपलं भाषण घोकत होती. मी तिचं भाषण संपेपर्यंत उभी राहिले.