नेमका तो क्षण

क्लासिक रॉकचे चाहते एकमेकांना अख्खे गाणे क्वचितच दाखवतात. दाखवायचा असतो त्यातला एक क्षण. गाणे दोघांनाही तोंडपाठ असते. तरी दाखवणारा समोरच्याला गप्प करतो, पडद्याकडे बोट रोखतो आणि म्हणतो, "आता बघ." ब्रूस स्प्रिंगस्टीन पहिल्या रांगेतल्या एका मुलीला हात देऊन मंचावर ओढून घेतो, तो क्षण. प्रिन्स सोलो संपवून गिटार वर भिरकावतो आणि ती खाली आलेली दिसतच नाही, तो क्षण. ड्रम्स बडवता बडवता निक मेसनच्या हातून एक स्टिक निसटते आणि ठेका जराही न ढळता त्याच्या हाती दुसरी येते, तो क्षण.

साधारण १९६५ ते १९८५ या वीस वर्षांतल्या इंग्लिश-अमेरिकन रॉकला आज क्लासिक म्हणतात. त्या काळाच्या पूर्वार्धात म्युझिक व्हिडिओ नावाचा धंदाच नव्हता. गाण्याची फिल्म काढायची ती अडचण होती म्हणून. १९६६च्या मे महिन्यात बीटल्सनी 'पेपरबॅक रायटर' आणि 'रेन' या गाण्यांसाठी लंडनच्या चिझिक हाउसच्या बागेत मायकेल लिंडसे-हॉगकडून चित्रण करून घेतले. टीव्हीवाल्यांची बोलावणी चहूकडून येत होती आणि चौघांना सगळीकडे पोचणे शक्य नव्हते. आपल्या जागी त्यांनी फिल्मची रिळे पाठवून दिली. पुढच्याच वर्षी 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर'साठी केंटमधल्या नोल पार्कात एका जुन्या झाडाला पियानोच्या तारा ताणून बांधल्या, काही दृश्ये उलटी फिरवली आणि गाणे म्हणत असल्याचा अभिनय साफ सोडून दिला. गायक ओठ हलवत नाही, तरी गाणे त्याचेच वाटते, हे तिथे ठळकपणे दिसले.

त्याआधी, १९६५च्या मे महिन्यात, बॉब डिलन लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलमागच्या बोळात उभा राहून हातातले कागद एकेक करून खाली टाकत होता. 'सबटरेनियन होमसिक ब्लूज'मधले निवडक शब्द त्या कागदांवर जाड अक्षरात लिहिलेले होते, काही मुद्दाम चुकीचे. चित्रण डी. ए. पेनबेकरचे. डिलन कॅमेऱ्याकडे पाहतो, पण त्याला कोणाला काही पटवायचे नाही. मागे डाव्या बाजूला दाढीवाला कवी ॲलन गिन्सबर्ग गप्पा मारत उभा आहे. हाच गिन्सबर्ग १९६२-६३मध्ये भारतात राहून गेला होता. मुंबई, कलकत्ता, बनारस असा त्याचा मुक्काम झाला होता. गाणे संपल्यावर गिन्सबर्ग काठी घेऊन चालू लागतो. एवढ्याशा खर्चात, एवढ्याशा जागेत, याहून चांगले काही नंतरच्या साठ वर्षांत फार थोड्यांना जमले.

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा जन्मही अडचणीतूनच झाला. बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स'मध्ये कलाकारांनी स्टुडिओत येऊन गाणे सादर करण्याची रीत होती. क्वीन दौऱ्यावर निघणार होते, शिवाय मधला ऑपेराचा भाग म्हणजे थरावर थर चढवून तयार केलेले असंख्य आवाज. चार माणसांनी मंचावर उभे राहून तो गायल्याचा देखावा केला असता, तर ते खोटे पडले असते. १० नोव्हेंबर १९७५ रोजी एल्स्ट्री इथे तालमीच्या जागेतच ब्रूस गॉवर्सने साधारण चार तासांत चित्रण उरकले; खर्च ४,५०० पौंडांच्या आसपास. अंधारातले चार चेहरे १९७४च्या 'क्वीन टू' अल्बमच्या मुखपृष्ठावरून घेतले. एका चेहऱ्याचे अनेक चेहरे होतात ते भिंगापुढे लावलेल्या लोलकामुळे, आणि एकाच चेहऱ्याच्या मागे चेहऱ्यांची रांग लांब जाते ती कॅमेरा मॉनिटरकडे वळवल्यामुळे. या करामती संकलनात घातलेल्या नाहीत, चित्रण चालू असतानाच साधलेल्या आहेत. म्हणूनच त्या आजही शिळ्या वाटत नाहीत. मधोमध उभा असलेला फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारोख बुलसारा, हा झांझिबारच्या पारशी घरातला मुलगा आठेक वर्षांचा असताना पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला. पियानोवर त्याचा हात बसला तो याच वसतिगृहाच्या काळात, आणि 'द हेक्टिक्स' हा त्याचा पहिला बँडही तिथलाच. हा व्हिडिओ जुलै २०१९मध्ये यूट्यूबवर एक अब्ज वेळा पाहून झाला. १९९०च्या आधीच्या कोणत्याही गाण्याला तोवर तो आकडा गाठता आला नव्हता.

पण या सगळ्या फिल्मांच्या वर, एकटी, १९७१च्या ऑक्टोबरमध्ये चित्रित झालेली 'पिंक फ्लॉइड: लाइव्ह ॲट पॉम्पेई' उभी आहे.

एड्रियन माबेन हा तरुण दिग्दर्शक इटलीत सुटीवर असताना पॉम्पेईच्या अवशेषांत त्याचा पासपोर्ट हरवला. तो शोधायला तो संध्याकाळी एकटाच परत गेला. दिवसभराची गर्दी ओसरली होती. रिकाम्या प्रेक्षागारात किड्यांची किरकिर होती, वटवाघळे फिरत होती आणि उजेड जात चालला होता. पिंक फ्लॉइडची फिल्म इथे काढायची, हे त्याने तिथेच ठरवले, असे त्याने पुढे सांगितले आहे. इसवी सनापूर्वी ७०च्या सुमाराला बांधलेले हे प्रेक्षागार दगडी बांधणीच्या अगदी जुन्या रोमन प्रेक्षागारांपैकी एक. सुमारे वीस हजार माणसे त्यात बसत. इसवी सन ५९मध्ये इथल्या खेळांच्या वेळी पॉम्पेईकर आणि शेजारच्या न्यूकेरियाचे लोक यांच्यात शिवीगाळीवरून दगडफेक आणि मग कापाकापी झाली, तेव्हा रोमच्या सेनेटने दहा वर्षे इथे असे खेळ भरवायला बंदी घातली. रोमन इतिहासकार टॅसिटसने ही हकीकत लिहून ठेवली आहे. पुढे वीसच वर्षांनी व्हेसुव्हियसने सगळे शहर राखेखाली घेतले.

अशा जागी माबेनने प्रेक्षक न घेता बँड उभा केला. त्या वेळच्या संगीतपटांत गर्दीला मान होता. 'वुडस्टॉक' नुकताच येऊन गेला होता, आणि नाचणारी, चिखलात लोळणारी माणसे दाखवली नाहीत तर रॉक दाखवल्यासारखे वाटत नसे. माबेनला याच्या बरोबर उलट करायचे होते. बँडचीही एक अट होती: वाजवू ते खरोखर वाजवू, टेप लावून अभिनय करणार नाही. त्यामुळे मंचावर वापरायचे सगळे सामान लंडनहून रस्त्याने आणावे लागले. ते आले, जोडले आणि लक्षात आले की प्रेक्षागारात पुरेशी वीजच नाही. थोडक्या दिवसांची परवानगी, त्यातले दिवस वाया जाऊ लागले. शेवटी गावातून, रस्त्यांवरून, लांबच लांब केबल ओढत आणली तेव्हा ॲम्प्लिफायर बोलू लागले. गावातली काही मुले आत शिरलीच; त्यांना दूर उभे राहू दिले.

फिल्म सुरू होते ती 'एकोज'ने. ज्या अल्बममध्ये हे तेवीस मिनिटांचे गाणे आहे तो 'मेडल' अजून बाजारात यायचा होता. कॅमेरा खूप उंचावर, खाली उन्हाने भाजलेली माती, मध्यभागी ठिपक्याएवढी चार माणसे. त्यांच्याकडे कॅमेरा इतका सावकाश येत राहतो की घाईतला माणूस इथेच कंटाळतो. ज्याला हे धरते त्याला कायमचे धरते. मग रुळांवरून सरकणारा कॅमेरा वादकांना सोडून ॲम्प्लिफायरच्या मागून जातो. एकामागून एक काळ्या पेट्या, प्रत्येकीवर बँडचे नाव आणि 'लंडन' हा शब्द ठशांनी रंगवलेला, वायरींची भेंडोळी, धूळ. पुढे काय चालले आहे ते दिसत नाही, फक्त ऐकू येते. एवढे मोठे, अंतराळात भरून राहणारे संगीत कशातून निघते, तर या खोकडांतून. आणि ते ठाऊक झाल्याने त्याची जादू तसूभरही कमी होत नाही. 'अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स'मध्ये रॉजर वॉटर्स गाँगवर घाव घालू लागतो तेव्हा मागे सूर्य खाली आलेला असतो.

मेसनची ती स्टिक 'वन ऑफ दीज डेज'मध्ये निसटते. या गाण्यात कॅमेरा बहुतेक वेळ एकट्या मेसनवर आहे. माबेनच्या सांगण्याप्रमाणे बाकीच्यांच्या चित्रणाची रिळे हरवली, म्हणून ड्रमरवरच भागवावे लागले. रॉकच्या फिल्मांत ड्रमर नेहमी मागे, वाद्यांच्या भिंतीआड. इथे निव्वळ नशिबाने तो पुढे आला. केस घामाने चिकटलेले, तोंड अर्धवट उघडे, मान ठेक्यावर. स्टिक उडते. बिघाड झाल्याचे चेहऱ्यावर काही उमटत नाही, हात आपोआप दुसऱ्या स्टिककडे जातो. रिळे हरवली नसती तर त्या क्षणी पडद्यावर बहुधा वॉटर्स किंवा गिल्मोर असता, आणि जगभरच्या ड्रमवाल्यांनी एकमेकांना पन्नास वर्षे दाखवलेला हा क्षण कोणी पाहिलाच नसता.

ऑस्ट्रेलियात काही वर्षांनी अगदी वेगळ्या तऱ्हेची मजा चालली होती. १९७६च्या फेब्रुवारीत एसी/डीसी उघड्या ट्रकवर चढून मेलबर्नच्या स्वॉन्स्टन स्ट्रीटवरून 'इट्स अ लाँग वे टू द टॉप' वाजवत निघाले, सोबत बॅगपाइपवाले. गायक बॉन स्कॉट पूर्वी अशा पाइप बँडमध्ये होता खरा, पण ड्रमर म्हणून. बॅगपाइप तो या गाण्यासाठी शिकला. फुटपाथवरची माणसे कामाला निघालेली, काही वळून पाहतात, काही पाहतही नाहीत. नंतर कोट्यवधी खर्चून उभारलेल्या कोणत्याही सेटवर असा शहराचा खरा दिवस मिळाला नाही.

१ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाले आणि फिल्म काढणे ही अडचणीची सोय न राहता सक्ती झाली. पैसा आला, धुराची यंत्रे आली, बिनकामाच्या सुंदर मुली आल्या, आणि चांगली चांगली गाणी त्यात गुदमरली. त्या गर्दीत पीटर गेब्रिएलचा 'स्लेजहॅमर' (१९८६) वेगळा ठरतो, कारण तिथला पैसा कष्टांवर खर्च झाला. दिग्दर्शक स्टीव्हन जॉन्सन, सोबत आर्डमनचे ॲनिमेटर आणि क्वे बंधू. एकेक फ्रेम टिपायची, वस्तू जराशा हलवायच्या, पुन्हा टिपायची. गेब्रिएल सोळा तास काचेखाली पडून होता. १९८७मध्ये या व्हिडिओला एमटीव्हीची नऊ पारितोषिके मिळाली. ती योग्यच होती.

लेड झेपेलिनने या वाटेला जाणे टाळले. त्यांची एकच मोठी फिल्म, १९७३च्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या कार्यक्रमांची. त्यात राहिलेल्या जागा भरायला पुढच्या वर्षी स्टुडिओत पुन्हा चित्रण केले, तेव्हा जॉन पॉल जोन्सचे केस कापलेले असल्यामुळे त्याला विग घालावा लागला. त्यांच्या चाहत्यांत सर्वांत जास्त फिरणारे चित्रण मात्र त्यांच्या स्वतःच्या वादनाचे नाही. डिसेंबर २०१२मध्ये वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये ॲन आणि नॅन्सी विल्सन या बहिणींनी झेपेलिनचे 'स्टेअरवे टू हेवन' सादर केले. ड्रम्सवर जेसन बोनॅम, झेपेलिनचा १९८०मध्ये गेलेला ड्रमर जॉन बोनॅम याचा मुलगा. मागे उभे असलेले गायकवृंदातले लोक त्याच्या वडिलांच्या सवयीची गोल काळी टोपी घालून आलेले. वर सज्जात बसलेल्या झेपेलिनच्या गायकाचे, रॉबर्ट प्लांटचे, डोळे भरून येतात. या गाण्यापासून तो वर्षानुवर्षे अंतर राखून होता.

प्रिन्सची ती गिटार मार्च २००४मधली, न्यूयॉर्कची. बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनला मरणोत्तर मान देण्याचा प्रसंग, गाणे त्याचे 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स'. टॉम पेटी आणि जेफ लिन गात असताना प्रिन्स बाजूला शांत उभा असतो. शेवटची काही मिनिटे तो एकट्याने घेतो, आणि हॅरिसनचा मुलगा धनी, वडिलांसारख्याच चेहऱ्याचा, त्याच्याकडे पाहून हसत राहतो. २०२१मध्ये दिग्दर्शक जोएल गॅलनने हे चित्रण प्रिन्सवरचे अधिक शॉट घालून पुन्हा संकलित केले. पाहायचे ते तेच. आणि ते पाहिल्यावर याच गाण्याचे १ ऑगस्ट १९७१चे चित्रण पाहावे. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हॅरिसन आणि एरिक क्लॅप्टन शेजारी शेजारी उभे राहून ते वाजवतात. ज्या मराठी वाचकांचा कान शास्त्रीय संगीतावर तयार झाला आहे त्यांनी रॉकच्या फिल्मांकडे याच दाराने यावे. त्या कार्यक्रमाचा आरंभ रविशंकर, अली अकबर खाँ, तबल्यावर आपल्या मुंबईचे अल्लारखाँ आणि तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती यांनी केला. वाद्ये सुरात लावताच सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला, आणि रविशंकरांनी हसून सांगितले की वाद्ये लावणे एवढे आवडले असेल तर वादन त्याहून आवडेल. बरेच जण हा भाग पुढे ढकलून थेट हॅरिसनवर जातात. तसे करू नये. सुरुवातीपासून पाहावे, आणि मोबाइलवर नव्हे, बरे स्पीकर जोडून.