आसनावरून उठताना



मागच्या पर्युषणातली गोष्ट. स्थानकात सामायिक पूर्ण झालं. ४८ मिनिटं मांडी घालून बसले, त्याचं काही वाटलं नाही. पण उठायला गेले तर पायांत जोरच नाही. शेवटी शेजारच्या भाभींनी हात देऊन उठवलं. त्या माझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या! हसून वेळ मारून नेली, पण घरी आल्यावर आई आठवली. न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि शेवटची दोन वर्षं अंथरुणावरच गेली.

सूनबाई मला फिजिओथेरपिस्टकडे घेऊन गेली. त्या मुलीने विचारलं, "काकू, व्यायाम काय करता?"

"दिवसभर घरात पळतच असते की!"

"त्याने तुम्ही दमता, काकू. पण पायांना रोज तेवढंच काम मिळतं. ताकद वाढवायची तर थोडं थोडं जास्त काम द्यावं लागतं."

मी बी.कॉम. झालेली, घसारा मला बरोबर कळतो. स्नायू तिशीनंतर हळूहळू कमी होतात आणि साठीनंतर जास्त वेगाने. मात्र यंत्राचा घसारा भरून येत नाही, स्नायूंचा बराचसा येतो. १९९० साली अमेरिकेत बॉस्टनला नव्वदीच्या अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. ज्यांनी तो पूर्ण केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त झाली. मग आपण साठीतच "आता वय झालं" का म्हणायचं?

भिशीत विषय काढला, तर एकेक शंका निघाली. "दंड पुरुषांसारखे होतील." अहो, पैलवानांना त्यासाठी वर्षानुवर्षं घाम गाळावा लागतो, आपले दोन बाटल्यांनी कसे होतील? "अंडी खावी लागतील." मुळीच नाही. मूग, मटकी, चणे, दूध, पनीर आपल्या घरात आहेच. फक्त ताटात पोळी-भाताच्या मानाने ते कमी पडतं. "गुडघे दुखतात, आराम बरा." मांडीचे स्नायू बळकट झाले, की गुडघ्याला उलट आधारच मिळतो.

मी आठवड्यातून तीन दिवस करते. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणं-बसणं, ओटा धरून टाचा उचलणं, भिंतीला हात टेकून दंड, आणि लिटरभर पाण्याच्या दोन बाटल्या वर-खाली. वीस मिनिटं पुरतात. उपवासाला सुट्टी. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

सहा महिने झाले. सामायिकानंतर उठताना अजून एक हात जमिनीला टेकावा लागतो, पण दुसऱ्या कुणाचा हात धरावा लागत नाही.

आज स्वयंपाक आटोपला, की हात न टेकता खुर्चीवरून उठून बघा. जमलं का, ते मला नक्की कळवा.