आधी बेबीताईंचं पुस्तक वाच

प्रिय छोटी,



सध्या काय वाचतेस आणि मी काय वाचू, असे दोन प्रश्न तू एका दमात विचारलेस. ओपीडी संपली की संध्याकाळ जाता जात नाही, क्वार्टरमध्ये रेंज नसते आणि सोबत नेलेल्या पुस्तकांत मन लागत नाही, हेही कळवलंस. दोन्ही प्रश्नांना मिळून हे एकच उत्तर. हल्ली मी जे वाचते ते वाचताना तूच डोळ्यांसमोर असतेस.

मराठीतली उत्तम दहा पुस्तकं कोणती, असं मला लोक विचारतात. तशी यादी मी कुणाला देत नाही. पुस्तक माणूस बघून सुचवावं, आणि तो माणूस सध्या कुठे उभा आहे तेही बघावं. नाशिकला वाढलेली तू अमरावती जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बॉण्डचं वर्ष काढते आहेस. रोज तुझ्यासमोर माणसं बसतात आणि केसपेपरवर मावेल एवढंच सांगून उठतात. या वर्षी तुला अशा पुस्तकांची गरज आहे ज्यांत हीच माणसं घाईशिवाय बोलतात.

सगळ्यात आधी बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ वाच. फलटणला त्यांचं छोटंसं दुकान होतं. दुकानात बसल्या बसल्या त्या लिहायच्या आणि घरच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून लिहिलेलं लपवून ठेवायच्या. कितीतरी वर्षं या लिखाणाचा कुणाला पत्ता नव्हता. मूळच्या अमेरिकन, पण फलटणच्याच होऊन गेलेल्या भाषातज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी ते छापावं म्हणून त्यांना उभारी दिली, ‘स्त्री’ मासिकात ते क्रमशः आलं आणि १९८६ साली पुस्तक निघालं. पुस्तक लहान आहे, दोन रविवारांत होईल, पण मला त्याला फार वेळ लागला. मध्ये मध्ये मिटून ठेवावं लागलं.

त्यातली बाळंतपणाची पानं तू वाचावीस, म्हणूनच ते पहिलं सांगते आहे. महारवाड्यातली पोरसवदा पहिलटकरीण, भोवती जमलेल्या बायका, प्रत्येकीचा वेगळा सल्ला, अडलेली पोर आणि तिच्या कळा. सुटका झाल्यावर तिच्या पोटात घालायला घरात काही नाही. तू लगेच कारणं लावशील: कमी वय, रक्तक्षय, जंतुसंसर्ग. ती बरोबरच आहेत. पण बेबीताई त्या झोपडीत आतल्या बाजूला बसलेल्या आहेत. सल्ला देणाऱ्या बायकांचं अज्ञान त्या जराही झाकत नाहीत, आणि त्या बायकांची मायाही झाकत नाहीत. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असतात हे कळायला मला पुस्तकांचा फार उपयोग झाला. तुला नोकरीत लवकर कळावं असं वाटतं. सासरी सुनांचे झालेले हालही त्या तितक्याच रोखठोक लिहितात. आपल्याच लोकांबद्दल असं लिहायला किती बळ लागलं असेल!

एक गोष्ट मात्र वाचताना जाणवेल. हे आत्मकथन आहे, पण त्यात ‘आम्ही’ फार आणि ‘मी’ थोडा. स्वतःच्या संसाराबद्दल त्या जवळजवळ काही सांगत नाहीत. पहिल्यांदा मला ती उणीव वाटली. आता वाटत नाही. तूच लिहिलं होतंस ना, बाई तपासायला येते आणि आधी सासूचा गुडघा, मग पोराचा खोकला सांगते, स्वतःचं दुखणं उठता उठता? हे पुस्तक तशा बाईने लिहिलेलं आहे असं समजून वाच.

त्यानंतर ‘धग’. उद्धव शेळके तुझ्याच जिल्ह्यातले, आणि कादंबरी १९६० ची. कौतिक नावाची बाई, शिवणकाम करणारा तिचा नवरा महादेव, मुलं, आणि दारिद्र्यातून घर वर काढण्याची तिची जिवापाड धडपड, एवढीच गोष्ट. कौतिक खंबीर आहे, कष्टाळू आहे, हुशार आहे. यांतलं काहीही तिला पुरत नाही. शेळके तिला कुठे देवी करत नाहीत, तिची कीव करत नाहीत, आणि वाचकाला बरं वाटावं म्हणून शेवटी एखादं सुख तिच्या पदरात टाकत नाहीत. मराठी कादंबरीतल्या बायकांमध्ये मी कौतिकला सगळ्यात वर ठेवते. हे मत अनेकांना पटत नाही, तुला पटतं का ते बघ.

‘धग’मधले संवाद अस्सल वऱ्हाडी आहेत. पेशंट काय म्हणतात ते पहिल्या महिन्यात निम्मं कळायचं नाही असं तू म्हणाली होतीस, तेव्हा एक करून बघ. तुझ्या सिस्टरना आणि आशाताईंना संध्याकाळी त्यातलं एखादं प्रकरण मोठ्याने वाचून दाखव. ‘मले’, ‘तुले’, ‘कायले’ तू चुकीच्या ठिकाणी तोडशील आणि त्या तुला थांबवून नीट म्हणून दाखवतील. त्या लयीची सवय झाली की ओपीडीत कुणाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारावी लागणार नाही. आणि कौतिकबद्दल त्या दोघी काय बोलतात ते मला कळव. कुठल्याही समीक्षकापेक्षा मला ते ऐकायचं आहे.

मी स्वतः सध्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचते आहे. शाळेत यातला एखादा धडा वाचलेला असतो, आणि त्या धड्यावर आपण पुस्तक वाचल्याचं समाधान मानतो. फार मोठ्या सुखाला मुकतो आपण. १९३४ ते १९३६ या काळात ते चार भागांत निघालं. लक्ष्मीबाईंचं वय तेव्हा पासष्टीच्या पुढे, शिक्षण घरात जे झालं तेवढंच. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि त्या कर्मठ घरात वाढलेल्या बाईवर आभाळ कोसळलं. ताटातूट, लोकांची बोलणी, लहान मुलगा. पुढे १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, तो नवऱ्यामागे फरफटत जाऊन नव्हे. जातीपातीचा त्यांनी आपला आपण विचार केला, सोवळं एकेक करून सोडलं, आणि मग. हा मधला पाच वर्षांचा प्रवास मी या वेळी अगदी सावकाश वाचते आहे. माणूस मत बदलतो म्हणजे आतून नेमकं काय होतं, हे मराठीत इतकं स्वच्छ दुसऱ्या कुणी लिहिलेलं मला ठाऊक नाही. टिळकांचा राग, त्यांचा लहरीपणा, हातातला पैसा वाटून टाकणं, सगळं त्या सांगतात, आणि त्यांच्यावरचं प्रेम एका ओळीतही कमी होत नाही. प्लेगच्या दिवसांतली पानं तर डॉक्टरने वाचायलाच हवीत. संक्षिप्त आवृत्ती घेऊ नकोस. सगळी गंमत त्यांच्या पाल्हाळात आहे.

तुझ्या बाबांनीही काहीतरी मागितलंय. त्यांना मी विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ देणार आहे. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेला आणि १८५७ च्या धामधुमीत सापडला. झाशी पडली तेव्हा तो झाशीत होता. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली ते छापलं, पण मूळ मजकुरावर बराच हात फिरवून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ साली निघाली, ती शोधायला सांग.

दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ पार्सलमध्ये घालते आहे, पण ते सलग वाचायचं नाही. चैत्रापासून एकेका महिन्यावर एकेक लेख आहे. जो महिना चालू असेल तोच लेख काढ, आणि तुझ्या क्वार्टरमागच्या झाडांकडे बघ. दुर्गाबाईंनी पाहिलेलं सगळंच तिकडे दिसणार नाही. जे वेगळं दिसेल ते समासात पेन्सिलीने लिही. पुस्तकात लिहू नये असं तुझी आजी सांगायची, पण या पुस्तकापुरती माझी परवानगी आहे.

आता राहिला आपला जुना वाद. बारावीत ‘मृत्युंजय’ वाचून तू किती दिवस भारावलेली होतीस ते मला आठवतं, आणि त्या वयात ते तसंच वाचायला हवं होतं. ज्या १९६७ साली ‘मृत्युंजय’ आलं त्याच साली इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ही आलं. इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ, महाभारतातल्या माणसांकडे त्या माणसं म्हणूनच बघतात आणि कुणालाही सूट देत नाहीत, कर्णालाही नाही. तू ते टाळत आली आहेस, कारण तुझ्या कर्णाला धक्का लागेल अशी तुला भीती वाटते. लागेल, सांगून ठेवते. पण गेल्या वर्षभरात तू जी माणसं पाहिलीस, त्यांच्यात जे दोष आणि जे मोठेपण पाहिलंस, त्यानंतर त्यातल्या कर्णावरच्या लेखाशी भांडायची तुझी तयारी झाली आहे असं मला वाटतं. भांडण झालं तर फोनवर नको, लिहून पाठव. मी मुद्देसूद उत्तर देईन.

पार्सल सोमवारी पोस्टात टाकते. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
मावशी