ठिपक्यांचं शुद्धलेखन

जूनमध्ये वहिनीने पुतणीच्या वह्यांना कव्हरं घातली. माळ्यावर जाड कागदांचा गठ्ठा सापडला, सगळा कोराच होता म्हणाली. मी वही हातात घेतली तर बोटाखाली ब्रेलचे ठिपके. निम्मे दबून सपाट झालेले, तरी ‘पाऊस’ लागला आणि पुढचं वाक्य न वाचताच आठवलं: पाऊस पडून पडून दमला होता. दहावीच्या तयारीत लिहिलेला माझा निबंध.

बोर्डाच्या पेपरात हेच वाक्य मी सांगितलं. माझा पेपर लिहिणारी रायटर नियमाप्रमाणे खालच्या वर्गातली, गुणी मुलगी. वाचून दाखव म्हटलं तर तिने वाचलं, “खूप पाऊस पडला होता.” मी विचारलं, तर म्हणाली, “ताई, पाऊस दमतो का?” घंटा व्हायला आली होती. ते वाक्य तसंच गेलं. मार्क चांगले पडले, पण ते वाक्य अजून सलतं.

आता मी कॉम्प्युटरवर लिहिते. एका अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली सुरू केलेलं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, लिहिलेलं सगळं वाचून दाखवतं. त्याच्याशिवाय माझा एकही लेख वेळेत गेला नसता. पण “आता आवाज आहे, ब्रेल कशाला?” असं कोणी म्हटलं की माझं डोकं तडकतं. डोळस मुलांना कोणी म्हणतं का, रेडिओ आहे, अक्षरं कशाला गिरवता? ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला सारखेच. बोटाला नाहीत: ऱ्हस्व इ म्हणजे दोन आणि चार क्रमांकाचे ठिपके, दीर्घ ई म्हणजे तीन आणि पाच. माझं शुद्धलेखन बोटांत आहे.

शार्ल बार्बिए या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याने बारा ठिपक्यांची लिपी काढली होती. ती उच्चारांची होती. स्पेलिंगला, विरामचिन्हांना तिच्यात जागाच नव्हती. अंधांना एवढं पुरे, असा हिशेब असावा. लुई ब्रेलला ते पुरलं नाही. पॅरिसच्या अंधशाळेतल्या या मुलाने सहा ठिपक्यांत अख्खी वर्णमाला बसवली आणि १८२९ मध्ये छापली. शाळेने ती अधिकृतपणे स्वीकारली १८५४ मध्ये, तो जाऊन दोन वर्षं झाल्यावर. आपल्याकडे भारती ब्रेल १९५१ मध्ये आलं. बार्बिएचा तो हिशेब मात्र अजून चालूच आहे. ‘दमला’ काय न् ‘पडला’ काय, अर्थ पोचला ना!

आमच्या घरात एका माणसाने तो हिशेब मानला नाही. मी वसतिगृहात गेले तेव्हा बाबा ब्रेल शिकले, डोळ्यांनी. पाटीवर कागद अडकवायचा, उजवीकडून डावीकडे टोचत जायचं आणि पान उलटून डावीकडून वाचायचं. इ आणि ए ही एकमेकांची आरशातली रूपं, त्यामुळे बाबांची हमखास गल्लत व्हायची. पत्रात यायचं, “चेंता करू नकोस, देवाळीला घ्यायला येतो.” दुकान बंद केल्यावर रात्री लिहायचे. चुकलेला ठिपका नखाने दाबून बसवायचे. ती जागा बोटाला खडबडीत लागायची. आईचा निरोप शेवटी, तिच्याच शब्दांत, एकही शब्द न बदलता: डोक्याला तेल लाव, नाहीतर येऊन बदडेन.