हात घालू नकोस

तंजावरात बर्फ बघायचा तर मासळीबाजारात. तरी मिनियापोलिसहून मुलानं विचारलं, "अप्पा, स्नो ब्लोअर कुठला घेऊ?" मी जन्मभर शेतातलं डिझेल इंजिन सांभाळलं, म्हणून मला. तिथं रस्त्यावरचा नांगर फाटकाशी घट्ट ढीग लोटून जातो. म्हटलं, दोन टप्प्यांचाच घे. उन्हाळ्याआधी टाकीतलं पेट्रोल काढ, नाहीतर कार्बोरेटर चोंदेल. शियर पिना जादा ठेव. दगड अडकला की त्या तुटतात, गिअरबॉक्स वाचतो.

मग तो सहज म्हणाला, "शेजाऱ्यांच्या मशीनमध्ये बर्फ तुंबला, इंजिन बंद करून हातानं काढला."

मी ओरडलोच. इंजिन बंद असलं तरी पात्यात ताण राहतो, बर्फ सुटताच ते फिरतं. माझं बोट पट्ट्यात गेलं तेव्हा तो चार वर्षांचा होता. काठी मशीनबरोबरच येते, ती वापर म्हटलं.