दातांचा लेझर: काय मागावं, काय विचारावं

"डॉक्टर, तुमच्याकडे लेझर आहे ना?" हा प्रश्न हल्ली पेशंट खुर्चीत बसायच्या आधीच येतो. पुण्यात टिळक रोडपासून बाणेरपर्यंत दवाखान्यांच्या पाट्यांवर हा शब्द झळकतो आहे. मी हिरड्यांची डॉक्टर; लेझर रोज वापरते आणि मला तो आवडतोही. म्हणूनच सांगावंसं वाटतं की आपल्याला नेमकं काय झालंय, हे आधी विचारा. लेझर लागेल की नाही, ते त्यावर ठरतं.

बहुतेक दवाखान्यांत असतो तो डायोड लेझर. त्याचा ८१० ते ९८० नॅनोमीटरचा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन आणि हिरडीतलं मेलॅनिन शोषून घेतं, म्हणून तो मऊ भागासाठी उत्तम. ब्रेसेस लावलेल्या मुलीची हिरडी सुजून तारेवर चढली, तर बारीक काचतंतूचं टोक आधी बुचावर टेकवून काळं करून घ्यायचं आणि भूल देऊन हिरडीवरून अलगद फिरवायचं. थोडा जळका वास येतो, तो धूर सक्शनने ओढून घ्यायचा. रक्त जवळजवळ येत नाही, टाका बहुधा लागत नाही.

याच डायोडने कीड मात्र कोरता येत नाही. १९६० साली रूबी लेझर तयार झाला आणि काही वर्षांतच तो दातावर वापरून पाहिला गेला. पण त्याच्या उष्णतेने दाताच्या नसेलाच धोका होता. त्यावर तोडगा निघाला एर्बियम लेझरमुळे. त्याचा २९४० नॅनोमीटरचा प्रकाश पाणी झपाट्याने शोषतं. दातातल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि किडलेला भाग कणाकणाने उडतो. १९९७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्याला दातावरच्या कामासाठी परवानगी दिली. ड्रिलची थरथर नसते, नुसता पाण्याचा फवारा आणि टकटक आवाज. घाबरणाऱ्या मुलांना ते सोसतं. मात्र वेळ जास्त लागतो, कधी भूलही द्यावी लागते, आणि जुनं चांदीचं फिलिंग काढायला ड्रिलच हवं.

पायोरियात तर मुख्य काम हातांचंच. मुळांवर साचलेलं किटण स्केलिंगने निघालं पाहिजे. लेझर त्याला जोड देतो. ब्रश नीट फिरत नसेल, साखर आटोक्यात नसेल, तर कुठल्याही यंत्राने हिरड्या टिकत नाहीत.

मला सगळ्यात काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. मुळशी-वेल्ह्याकडून येणाऱ्या कितीतरी बायका अजून मिश्री लावतात. ओठ खाली ओढला की आत, मिश्री ठेवायच्या जागी, सुरकुतलेला पांढरा चट्टा दिसतो. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी दोन बोटंही तोंडात जात नाहीत अशी तरुण मुलं समोर येतात. मिश्रीचा तो पांढरा चट्टा लेझरने मिनिटांत जाळता येतो. चट्टा दिसेनासा होतो, आणि कर्करोगाची सुरुवात होती का, हे तपासायला पेशीच उरत नाहीत. म्हणून आधी बायोप्सी. तुकडा लेझरने कापला तरी कडा भाजतात आणि पॅथॉलॉजिस्टला वाचणं अवघड जातं. संशय असेल तिथे मी साधं ब्लेडच हातात घेते.

तेव्हा खुर्चीत बसल्यावर निःसंकोच विचारा: माझ्या आजाराला लेझरच का? साध्या पद्धतीने काय कमी पडेल? खर्चात फरक किती? वापरण्याचं प्रशिक्षण कुठे घेतलंत? उपचार सुरू होताना तुमच्यासकट खोलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर त्याच लेझरसाठीचा चष्मा हवा. साधा गॉगल चालत नाही. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर आधी सांगा. उत्तरं पटली नाहीत, तर धनकवडीतल्या भारती विद्यापीठाच्या किंवा कॅम्पातल्या रंगूनवाला डेंटल कॉलेजच्या ओपीडीत दुसरं मत घ्या.

आणि तोंडातली जखम किंवा चट्टा दोन आठवड्यांत गेला नसेल, तर वाट पाहू नका. उद्याच दाखवा.