स्वेटर घालून वाळवंटात

भाचीने पाठवलेल्या कार्यक्रमपत्रिकेत ‘डेझर्ट सफारी’ असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं आणि खाली तीन गोष्टी होत्या: क्वाड बाइक, उंट, तारे. सोबतच्या सामानाच्या यादीत मात्र लोकरी टोपी, थर्मल आणि उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्सच्या गोळ्या. मी तिला फोन लावला.

“अगं, वाळवंटात टोपी कशाला?”

“मावशी, आपण जैसलमेरला नाही, लडाखला चाललोय. बर्फाला लागून असलेलं वाळवंट.”

मी बंगळुरूत राहते, पण जन्माने दहिवडीची, माण तालुक्यातली. पावसाने तोंड फिरवलेली जमीन मला नवी नाही. सह्याद्री सगळा पाऊस महाबळेश्वरावर ओतून मोकळा होतो आणि आमच्याकडे रिकामे ढग पाठवतो. हिमालय तेच करतो, फक्त भिंत चार-पाच पट उंच आहे. त्यामुळे लेहला वर्षाकाठी साधारण 100 मिलिमीटर पाऊस पडतो. बंगळुरूत सप्टेंबर 2022 मध्ये एका रात्रीत याहून जास्त कोसळला होता आणि बेलंदूरकडच्या बंगल्यांतल्या लोकांना ट्रॅक्टरवर बसवून बाहेर काढावं लागलं होतं. हे सगळं मला माहीत होतं. तरीही ‘वाळवंट’ म्हटलं की डोळ्यांपुढे जे येतं त्यात घाम असतो, थर्मल नसतं.

लेहबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की तिथे काही करायचं नसतं. साडेतीन हजार मीटरवर उतरायचं, खोलीत पडायचं, पाणी प्यायचं. जिना चढताना मध्येच थांबले की आमचे चालक हसून म्हणायचे, “धीरे, मॅडम, धीरे. यहाँ जल्दी किस बात की?” बंगळुरूत हे वाक्य मला कोणी कधी म्हटलेलं नाही.

खारदुंग ला ओलांडून पलीकडे उतरलं की नुब्रा. दिस्कित आणि हुंडर या गावांच्या मधे श्योक नदीचं रुंद पात्र आहे. वारा तिथली वाळू उचलून टेकड्या रचतो. राखाडी, बारीक, थंड वाळू. एका बाजूला पाण्याचा ओहोळ, काठाला छरम्याची काटेरी झुडपं, त्यांना नारिंगी बारीक फळं, आणि या सगळ्याच्या वर बर्फाची शिखरं. कुठे बघून चकित व्हावं हेच ठरेना. एका कोपऱ्यात क्वाड बाइक रांगेने उभ्या होत्या आणि त्यांच्या आवाजाने दरी दणाणत होती.

चार फुगीर चाकांची ही गाडी स्कूटर येणाऱ्याला सोपी वाटते. प्रत्यक्षात स्कूटर येते हीच अडचण. स्कूटरला मूठ पिळायची, इथे उजव्या अंगठ्याने एक छोटा खटका दाबून धरायचा. स्कूटर वळताना आपल्याबरोबर झुकते. ही मुळीच झुकत नाही, त्यामुळे वळायच्या बाजूला आपणच अंग टाकायचं, नाहीतर बाहेरचं चाक वाळूत रुततं आणि आतलं उचललं जातं. आणि चढावर अर्ध्यात थांबायचं नाही. थांबलं की चाकं जागच्या जागी फिरून स्वतःसाठी खड्डा खणतात. माझ्या मागून पळणारा मुलगा ओरडत होता, “अंगूठा, मॅडम, अंगूठा!” मी मूठ पिळत होते. मूठ बिचारी घट्ट होती.

एक गोष्ट मात्र मजेची कळली. टेकडीच्या मध्यावर माझ्याइतकाच गाडीलाही दम लागला. तीन हजार मीटरच्या वर हवा विरळ, म्हणजे इंजिनात प्रत्येक श्वासाला कमी ऑक्सिजन जातो आणि ताकद घटते. त्या एका क्षणी आम्हा दोघींत सहानुभूती निर्माण झाली, तेवढीच. पैसे वसूल झाले का? माझ्या मते नाही. आवाजाने पक्षी उडाले होते, वाऱ्याने रचलेल्या टेकड्यांवर चाकांच्या रेघा पडल्या होत्या आणि मी त्या सबंध वेळात फक्त स्वतःचा अंगठा पाहिला.

उंटाचं वेगळं. आधी तर तो ओळखूच येईना. पाठीवर दोन मदारी, आखूड पाय, मानेखाली दाट केस, आणि आपल्या नेहमीच्या उंटापेक्षा ठेंगणा. कुठे बसायचं हा प्रश्न निसर्गानेच सोडवलेला: दोन मदारींच्या मधे. पुढची मदार धरायला, मागची टेकायला. हात ठेवला तर गोधडीत खुपसल्यासारखा कोमट. मदारीत पाणी नसतं, चरबी असते. चारा कमी पडला की ती वापरली जाते आणि मदार एका बाजूला लोळते. माझ्या उंटाची ताठ होती, म्हणजे स्वारी खाऊनपिऊन सुखी होती.

चढण्यापूर्वी मनात सांडणीस्वार होता. पेशव्यांचं टपाल घेऊन रात्रंदिवस दौडणारा. उंट आधी मागचे पाय सरळ करतो हे त्याला माहीत असणार, मला नव्हतं. मी थेट पुढच्या मदारीला मिठी मारली. मग पुढचे पाय उठले आणि मी मागे. पानिपतावर अब्दालीने उंटांवर छोट्या तोफा चढवल्या होत्या, त्या शुतरनाळांबद्दल शाळेत वाचलं होतं. ही डगडग अंगावर झेलत कोणी नेम धरत असेल यावर त्या दिवशी पहिल्यांदा आदर वाटला. एकदा चालू लागल्यावर मात्र लय सापडते. उंट एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदम टाकतो, म्हणून आपण आडवे डुलतो. कंबर सैल सोडली की झालं.

हे उंट इथले कसे, हे हाकणाऱ्या काकांनी चालता चालता सांगितलं, आणि ते क्वाड बाइकवर कोणी सांगितलं नसतं. लेहहून नुब्रामार्गे, साडेपाच हजार मीटरवरच्या काराकोरम खिंडीतून यारकंदपर्यंत व्यापारी तांडे जायचे. रेशीम, गालिचे, चरस इकडे यायचं, कापड आणि मसाले तिकडे जायचे. 1950 च्या सुमाराला चीनच्या बाजूने वाट बंद झाली. तांडे थांबले, उंट राहिले. बरीच वर्षं त्यांना काही कामच नव्हतं. 1990 च्या दशकात नुब्रा पर्यटकांना खुलं झालं तेव्हा कुठे पुन्हा पाठीवर ओझं आलं, ते आमच्यासारखं. आता सैन्यासाठीही त्यांचा विचार झाला आहे. लेहच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने 170 किलोपर्यंत ओझं घेऊन त्यांच्या चाचण्या घेतल्या. माझं वजन त्यात सहज बसतं, असं भाचीने लगेच सांगितलं.

नुब्राहून पँगाँग, तिथून चुशूल, रेझांग ला करत हानले. पँगाँगला निम्मे पर्यटक मराठी बोलत होते. आम्ही गेलो तेव्हा तिथे शिवाजी महाराजांचा पुतळा नव्हता. तो त्याच वर्षी 26 डिसेंबरला, 14,300 फुटांवर उभा राहिला. नाहीतर आमची गाडी तिथून हललीच नसती.

आता हानले. यासाठीच भाचीने तारीख पंचांग बघून धरली होती: 2 सप्टेंबर 2024, पिठोरी अमावस्या. गणपती पाच दिवसांवर आलेले असताना मी मोदकांचं पीठ दळायचं सोडून चीनच्या सीमेजवळच्या एका खेड्यात, सव्वाचार हजार मीटरच्या वर, दोन स्वेटर घालून बसले होते.

कोरमंगलात मी ज्या रस्त्याने भाजीला जाते, त्यावर भारतीय खगोलभौतिकी संस्थेचं फाटक आहे. आत काय चालतं याचा मी कधी विचार केला नव्हता. हानलेच्या डोंगरावरचा पांढरा घुमट याच संस्थेचा निघाला. दोन मीटर व्यासाची ‘हिमालयन चंद्र दुर्बीण’, सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांच्या नावाची, 2000 सालापासून तिथे आहे. आणि ती चालवतात कुठून? होसकोट्याहून! बंगळुरूपासून तासाभराच्या अंतरावर, जिथे आम्ही दम बिर्याणी खायला जातो, तिथे एका खोलीत बसून शास्त्रज्ञ उपग्रहामार्फत या दुर्बिणीला हुकूम देतात.

त्यापूर्वी संस्थेची मोठी दुर्बीण तमिळनाडूत कावलूरला बसवली गेली. 2.3 मीटरची, खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू यांनी ध्यास घेतलेली. बाप्पू 1982 मध्ये गेले. 1986 मध्ये राजीव गांधींच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं आणि तिला बाप्पूंचं नाव दिलं. पण कावलूरवर पावसाळे दोन, नैर्ऋत्येचा आणि ईशान्येचा. शिवाय ताऱ्यांकडून येणारा अवरक्त प्रकाश हवेतली वाफ गिळून टाकते. म्हणून जिथे वाफ नाही, ढग कमी, माणूस विरळ, अशी जागा हवी होती. वाळवंट हवं होतं. हे समजल्यावर मला आमच्या माणच्या कोरड्या आभाळाबद्दल आयुष्यात पहिल्यांदा जरा अभिमान वाटला.

2022 च्या डिसेंबरात हानलेभोवतीचा 1,073 चौरस किलोमीटरचा टापू ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ म्हणून जाहीर झाला. गावातल्या काही जणांना, त्यात बऱ्याच बायकांना, आकाश दाखवायचं शिक्षण दिलं गेलं, दुर्बिणी दिल्या गेल्या. खिडक्यांना जाड पडदे, बाहेरच्या दिव्यांना झाकणं. थुक्पा खाऊन आम्ही अंगणात आलो, तेव्हा त्यांच्यातलीच आमची ताई दुर्बीण लावून बसली होती. तिने पहिली सूचना दिली ती अशी, “अभी बीस मिनट कुछ नहीं देखना. मोबाइल अंदर.”

डोळ्याला अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. मी वर बघितलं आणि म्हणाले, “गेलं! ढग आले.” दक्षिणेकडून डोक्यावरून ईशान्येला पांढरा पट्टा गेला होता. ताई हसली. “मॅडम, यही तो देखने आए हो.” आकाशगंगा. तिच्यात काळ्या फटी होत्या, कडा फाटलेल्या होत्या, धनु राशीकडे ती फुगली होती. बंगळुरूत ढग आणि तारे यांतलं एकच काहीतरी ओळखता येतं, मी सवयीने पहिलं निवडलं.

त्याहून मोठी पंचाईत पुढे होती. मला काहीच ओळखू येईना. लहानपणी दहिवडीला गच्चीवर झोपून आजीने बाजलं, म्हणजे सप्तर्षी, दाखवलेलं, शर्मिष्ठेचा वाकडा ‘एम’ दाखवलेला. इथे तारे इतके होते की ओळखीचे सगळे त्यात बुडाले. ताईने मग हिरव्या प्रकाशाच्या काडीने मोठ्यांपासून सुरुवात केली. डोक्यावर अभिजित, त्याच्या दक्षिणेला श्रवण, तिसरा हंसाच्या शेपटीतला. तीन सापडले आणि त्यांच्या आधाराने बाकीचे. बाजलं वायव्येला डोंगराशी टेकलं होतं, म्हणून दिसत नव्हतं.

देवयानी दीर्घिका तिने नुसत्या डोळ्यांनी दाखवली. सरळ बघितलं की नाहीशी होते, जरा बाजूला नजर लावली की पुसट डाग उमटतो, कारण अंधारात चालणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्यभागी नसतात, कडेला असतात. पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड. मला तो दिसेना, तेव्हा ताई म्हणाली, चार-पाच दीर्घ श्वास घ्या. इथल्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास, आणि डोळ्यातल्या त्या पेशींनाच ऑक्सिजनची टंचाई आधी जाणवते. श्वास घेतले. डाग खरंच उमटला.

शेवटी शनी. दुर्बिणीतून इवलासा, पिवळट, आणि त्याची कडी जवळजवळ एक रेघ. चित्रातली ऐटदार कडी कुठे गेली म्हणून मी नाराज झाले. तर कळलं, पुढच्या मार्चमध्ये ती पृथ्वीवरून अगदी कडेने दिसणार होती, दर पंधरा वर्षांनी असं होतं. म्हणजे मी चुकीच्या वर्षी नाही, मोक्याच्या वर्षी आले होते.

एवढ्यात कुठल्याशा गाडीने वळणावर पूर्ण झोतात दिवे टाकले आणि अंगणातल्या प्रत्येकाची वीस मिनिटं गेली. कोणी काही बोललं नाही. पुन्हा सगळे अंधारात वाट बघत उभे राहिले. डोंगरावरचा घुमट उघडलेला असणार, होसकोट्याच्या खोलीत कोणीतरी चहा पीत हेच आकाश पडद्यावर बघत असणार आणि त्याच वेळी बंगळुरूत पाऊस असणार.

तेव्हा तुम्ही जाणार असाल, तर माझं ऐका. लेहला दोन दिवस पडून राहिल्याशिवाय वर सरकू नका. क्वाड बाइकचे पैसे वाचवा आणि ते हानलेच्या ताईला द्या. उंटावर बसा, पण हाकणाऱ्याशी बोला. तारीख अमावस्येच्या आगेमागे धरा. अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोचा, म्हणजे तुमच्या गाडीचे दिवे कोणाच्या डोळ्यांत जाणार नाहीत. आणि टॉर्चवर गुंडाळायला लाल जिलेटीन कागद घरूनच घेऊन निघा.